मुक्या घंट्या

कऱ्हाटीच्या माळावर म्हस्कूच्या कानांना जेवढा मान होता तेवढा पाटलालाही नव्हता. पाटलाला लोक तोंडावर रामराम करत आणि पाठ वळली की त्याचा उद्धार करत. म्हस्कूच्या बाबतीत ती सोय नव्हती. त्याची पाठ कितीही लांब गेली तरी त्याचे कान जवळच असतात, अशी गावाची पक्की समजूत होती.

समजूत खोटीही नव्हती. बांधावर घोंगडं टाकून, डोळे मिटून, काठीवर हनुवटी टेकून म्हस्कू बसला, की आपली बत्तीस मेंढरं कुठे काय करतात ते त्याला न बघता कळे. घंटी अडखळत वाजली म्हणजे मेंढी लंगडतेय. घाईघाईने वाजली म्हणजे ती कुणाच्या तरी ज्वारीत शिरून ओरबाडतेय. आजोबाच्या वेळी तीनशे मेंढरं होती, आता पाच एकर जिरायत आणि ही बत्तीस उरली होती. पण कान आजोबाचेच होते, असं तो स्वतःच सांगे. कुणाला रांजण घ्यायचा असला, कुऱ्हाड घ्यायची असली, तर माणूस म्हस्कूला बाजारात बरोबर नेई. म्हस्कू वस्तूला टिचकी मारी, ऐकून मान हलवी, आणि दुकानदार तो माल मुकाट्याने मागे ठेवी.

घंट्यांचं तर सगळं त्याच्याच हातात होतं. सुप्याच्या बाजारात लिंबाखाली रसूल बसायचा. दोरखंड, लोकर कातरायच्या कात्र्या आणि जनावरांच्या घंट्या एवढाच त्याचा पसारा. ओताऱ्याकडून कच्च्या घंट्या आणायच्या, कानशीने घासून आवाज जुळवायचा, आत जीभ बसवायची, हे काम तो घरी स्वतः करी. दरसाल दिवाळीआधीच्या बाजाराला म्हस्कू सकाळीच त्याच्या पोत्यावर जाऊन बसे. दोरीला धरून एकेक घंटी हलवी. चांगली उजवीकडे, हिणकस डावीकडे. रसूल मग उजवीकडच्याच घंट्या विके. लोणी भापकरचा मेंढका असो की मोरगावकडचा, येऊन एकच विचारी, "म्हस्कूआबानं ऐकलीया का?" रसूल म्हणे, "ऐकलीया." तिथे घासाघीसही होत नसे. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

अठ्ठ्याण्णव साली मात्र लांडग्यांनी उच्छाद मांडला. सुप्याच्या अंगाचं रान सरकारने हरणांसाठी राखलं, त्याला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. हरणं राहिली बाजूला, लांडगेच माजले असं मेंढक्यांचं म्हणणं. त्यांना हात लावला तर माणूस आत जायचा. कार्तिकात ज्वारी छातीएवढी झाली की लांडगा तिच्यात दिवसाढवळ्या दबा धरून बसे. मेंढक्याजवळ उपाय दोनच, कुत्रं आणि घंटी. म्हस्कूचं कुत्रं श्रावणातच साप चावून मेलं होतं.

त्या दिवशी दुपार कलली होती. बाजरीच्या कापल्या रानात मेंढरं चरत होती. म्हस्कू बाभळीखाली नेहमीसारखा डोळे मिटून बसला होता. ऊन पायांवर आलं होतं, वारा पडला होता आणि सगळं कसं शांत होतं. इतकं शांत की त्याला बरं वाटत होतं. डोळे उघडले ते खांद्याला धक्का बसला म्हणून.

समोर सून उभी होती, रोहिणी. हातात विळा, पदर खांद्यावरून ओघळलेला, तोंडाला फेस यायचा बाकी. ती ज्वारीकडे हात करत होती.

"आबा! अवं आबा! लांडगा शिरला! दोन न्हेली!"

म्हस्कू उठून धावला. मेंढरं एका कोपऱ्यात गोळा होऊन थरथरत होती. ज्वारीची ताटं आडवी पडून वाट झाली होती, आणि वीस-पंचवीस पावलांवर काळी मेंढी पोट फाडलेली पडली होती. तिचे पाय अजून हलत होते. दुसरी गाभण होती, तिचा मागमूस नव्हता. पुढे नुसतं रक्त आणि लोकरीचे पुंजके.

म्हस्कू मेंढीजवळ बसला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आतड्यांवर माशा बसू लागल्या होत्या.

"तुला कसं कळलं?" त्याने सुनेला विचारलं.

"घंटी वाजली की! किती येळ वाजत हुती. मेंढरं वरडली. म्या तितनं, वड्यापलीकडनं पळत आले. तुमाला हाका मारल्या, आबा."

"वड्यापलीकडनं?"

"व्हय."

"म्या हितं बसलोय. वीस पावलावर. मला न्हाय ऐकू आलं आन तुला वड्यापलीकडं आलं?"

रोहिणीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग विळा कमरेला खोचून ती राहिलेली मेंढरं वळवायला गेली.

म्हस्कूच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. पोरगी खोटं का बोलते? गवत कापायला गेली होती, तर भारा कुठाय? त्याने मेलेल्या मेंढीच्या गळ्यातली घंटी सोडवली. दिवाळीआधी घेतलेली, रसूलकडची, कोरी. दोरीला धरून हलवली. काही नाही. पुन्हा जोराने हलवली. दूर कुठेतरी कुणी खडा टाकावा तेवढा आवाज आला. त्याने जीभ तपासली, जाग्यावर होती. मग त्याला एकदम उजेड पडला. घंटीच मुकी होती.

आता मुकी घंटी दिवाळीआधी त्यानेच उजवीकडे ठेवली होती, हे त्याला आठवायला हवं होतं. पण माणसाला राग आला की आठवण सोयीने काम करते. ऐकवल्या एक आणि बांधून दिल्या दुसऱ्या, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

घरी आला तर तिथेही तेच. खरं तर गेले काही महिने घराचे रंगच त्याला पसंत नव्हते. सगळी चोरपावलांनी वावरत. पूर्वी रोहिणी न्हाणीकडून निघाली की बांगड्यांवरून कळे, आता ती एकदम समोर उगवे. मुलगा राम दुधाच्या टेम्पोवर कामाला होता. टेम्पो आधी वळणावर आला की समजे, आता दाराशी येऊन उभा राहिला तरी पत्ता नसे. पहाटे लिंबावर चिमण्या कलकलाट करत, त्यासुद्धा कुठे निघून गेल्या होत्या. आणि चुलीपुढे तिघं जण बसत, त्याची बायको सारजा, राम आणि रोहिणी. तिघांचे ओठ हलत आणि म्हस्कू दारात आला की ओठ थांबत.

"काय कुजबुजताय?" तो विचारी.

"कुटं काय? भाकरीचं बोलतोय," सारजा म्हणे.

भाकरीचं बोलायला माणसं खाली मान घालतात होय? म्हस्कू दूधखुळा नव्हता. रामला मेंढरं काढून टाकायची होती, हे त्याला ठाऊक होतं. पोरगा दोनदा तसं बोललाही होता. आता सगळे तुकडे जुळत होते. घंट्या मुक्या, सून खोटारडी, आणि मुलगा टपून बसलेला. मेंढरं लांडग्याच्या तोंडी गेली की म्हाताऱ्याची कटकट आपोआप संपली.

"बाजारला म्या जानार हाय," त्याने त्या रात्री जेवताना सांगितलं. "रसूलला इचारतो. आन त्याच्या मागं कोन हाय ते बी कळंलच."

रामने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आबा, माझं ऐका. रसूलचाचाला काय बी बोलू नका. त्याच्याआधी आपुन एकदा बारामतीला जाऊन…"

"कशाला? बारामतीच्या बाजारात मेंढरं इकायला?"

सारजाने मुलाच्या गुडघ्याला हात लावला. रामने पुन्हा तुकडा उचलला. म्हस्कूने तो हात पाहिला आणि आणखी एक खूण मनात नोंदली.

बाजाराच्या दिवशी लिंबाखाली गर्दी होती. रसूलने बांबूला तीस-चाळीस घंट्या टांगल्या होत्या आणि तो एका मेंढक्याला दोर मोजून देत होता. म्हस्कूला पाहून त्याने पोतं झटकलं. "या, म्हस्कूराव. बसा."

म्हस्कू बसला नाही. त्याने घोंगड्यातून घंटी काढली आणि रसूलच्या पुढ्यात फेकली. दगडावर पडून ती उडाली आणि घरंगळत गेली.

"ह्यात काय घातलंस, रसूल?"

"काय झालं?"

"दोन मेंढरं गेली माजी. एक गाभनी. वीस पावलावर म्या बसलोय आन घंटीचा सूर न्हाय. म्होरं दावतोस एक आन बांधतोस एक. शिसं वततोस त्यात?"

आजूबाजूची माणसं वळली. लोणी भापकरचा कुंडलिक तिथेच उभा होता. तोंडाने फटकळ, अंगाने आडदांड. त्याची तीन कोकरं महिन्याभरात लांडग्याने उचलली होती. तो पुढे आला. "म्हंजी? आमच्या बी घंट्या त्याच ना, आबा? तुमी ऐकल्या म्हून आमी घेतल्या."

रसूलने घंटी उचलली, झब्ब्याला पुसली आणि म्हस्कूच्या तोंडापुढे धरून हलवली. हलवताना तो घंटीकडे पाहत नव्हता, म्हस्कूकडे पाहत होता. "वाजती की, म्हस्कूराव."

"तुला वाजती! तुज्या पोटाला वाजती! मला शिकवतोस? म्या तीस वरसं ऐकतोय!"

कुणीतरी मागून म्हणालं की वाजतेय खरी. पण कुंडलिकने त्याला गप्प केलं. "म्हस्कूआबापरीस तुज्या कानाला जास्ती कळतं का रं?"

रसूल उभा होता. साठीचा, किडकिडीत, दाढी मेंदीने लाल केलेली. त्याने तोंड उघडलं. म्हस्कू वाट पाहत होता की हा आता शपथा घेईल, भांडेल, चार लोकांना साक्षीला बोलावेल. रसूलने एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा म्हस्कूकडे, आणि तोंड मिटलं.

"ज्याला घंटी चालंना त्यानं परत आणून द्यावी," तो म्हणाला. "म्या घेतो."

एवढं पुरलं. चोर नसता तर माल परत घेतला असता का? दुपारपर्यंत पोत्यावर घंट्यांचा ढीग पडला. ज्यांची मेंढरं गेली होती त्यांनी परत केल्याच, पण ज्यांचं काही गेलं नव्हतं त्यांनीही गळ्यातून सोडवून आणून टाकल्या. कुंडलिक टाकताना त्यांवर थुंकला. रसूलने पोत्याच्या कडेने ते पुसून घेतलं. म्हस्कू हे सगळं पलीकडच्या चहाच्या टपरीवरून पाहत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं.

बरं वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी त्याला रसूलचं ते मिटलेलं तोंड आठवायला लागलं. माणूस भांडला का नाही? चोरी उघडी पडली की चोर आधी आवाज चढवतो. यात काहीतरी डाव होता, आणि डाव कळत नाही म्हणून म्हस्कूला अन्न गोड लागेना.

एके सकाळी त्याने उतरंडीमागून बापाची घंटी काढली. पन्नास वर्षांपूर्वीची, जाड काशाची. कडेला चंद्रकोरीएवढा टवका उडालेला, एकदा कोकणातून येताना घाटात मेंढा कोसळला तेव्हाचा. हिचा आवाज ओढ्यापलीकडे वस्तीवर जाई. नवी आणि जुनी शेजारी शेजारी वाजवून सगळ्या घराला ऐकवायचं, म्हणजे तोंडं बंद होतील, असा त्याचा बेत होता. सारजा अंगणात सुपाने ज्वारी पाखडत होती. तिच्या समोर बसून त्याने बापाची घंटी हलवली.

काही नाही.

त्याने ती उलटी केली, जीभ पाहिली, परत हलवली. घंटी त्याच्या हातात हलत होती आणि अंगण गप्प होतं.

"कुनी बदलली?" तो ओरडला. "बापाची घंटी कुनी इकली? रामनं? ह्या घरात आता बापाची चीज बी ऱ्हाईना का?"

सारजाने सूप खाली ठेवलं. ती उठून जवळ आली आणि तिने घंटीच्या कडेचा टवका त्याच्या बोटाखाली धरला. म्हस्कूने तो चाचपला. तोच टवका होता. लहानपणी त्या कडेने त्याचं बोट कापलं होतं.

सारजाने त्याचा तळहात घंटीच्या अंगावर दाबला आणि दुसऱ्या हाताने आतली जीभ आपटली.

हाताला मुंग्या आल्या. घंटी थरथरत होती. थरथर मनगटापर्यंत चढली आणि हळूहळू विरली. सारजाने परत आपटली, परत तेच. गोठ्यातल्या मेंढरांनी माना वर केल्या होत्या. ती सगळी इकडेच पाहत होती. शेजारच्या अंगणातली म्हाळसा कुडावरून डोकावून काय झालं म्हणून विचारत होती, निदान तिचे ओठ तरी तसे हलत होते.

म्हस्कूने हात काढला नाही.

"कवापासनं?" त्याने विचारलं.

सारजाने त्याच्या कानाला तोंड लावलं. "दोन वरसं झाली. आदी चिमण्या गेल्या. तुमीच म्हनला हुता, चिमण्या गेल्या. म्या लिंबाकडं बगितलं तर झाड भरल्यालं."

"आन तुमी कुजबुजता त्ये?"

"आमी वरडतोय, धनी. समदी आळी हसती आमाला. तुमच्याम्होरं बोलायचं म्हंजी वरडावं लागतं, आन वरडलं की तुमी म्हंता अंगावर येता. म्हून गप बसायचं."

आठ हिवाळे त्याने माळेगावच्या अंगाला गुऱ्हाळावर तेलाचं इंजिन चालवलं होतं, त्याच्या अंगाला अंग लावून झोपला होता. त्या इंजिनाने कान खाल्ले की वयाने, हे सांगायला तिथे डॉक्टर नव्हता. आणि म्हस्कूला त्या घडीला कारण नकोच होतं. त्याला काळी मेंढी दिसत होती. तिची घंटी वीस पावलांवर किती वेळ वाजली असेल, आणि आपण बाभळीखाली बसून मनात म्हणत होतो की काय शांत आहे. त्याला रडू आलं. तो सारजासमोर कधी रडला नव्हता, आणि तिनेही तिकडे पाहिलं नाही, सूप घेऊन पाठमोरी बसली.

दुसऱ्या दिवशी एसटीने तो सुप्याला गेला. रसूलचं घर मशिदीच्या मागच्या बोळात. दारात मेहबूबबी भांडी घासत होती. तीस वर्षं या बाईने त्याला चहाशिवाय सोडलं नव्हतं. आज तिने राखेच्या हाताने नुसती आत खूण केली.

आत रसूल सामान बांधत होता. कानशी, हातोड्या, ऐरण. कोपऱ्यात परत आलेल्या घंट्यांची दोन पोती.

"कुटं निगालास?"

रसूल त्याच्याकडे वळला आणि मोठ्याने, शब्द सुटे करत बोलला. "पोराकडं, हारिसकडं. बारामतीला. त्याच्या फॅक्टरीत वॉचमनची जागा हाय म्हणतो. हितं आता कोन घेतंय माजा माल?"

म्हस्कूच्या एकदम ध्यानात आलं, की हा माणूस आपल्याशी कायमच असा बोलतो. तोंडासमोर येऊन, मोठ्याने, सावकाश. गेल्या सालापासून तो असाच बोलत होता.

"तुला ठावं हुतं," म्हस्कू म्हणाला.

रसूल ऐरणीवर बसला. "व्हय."

"कसं?"

"तुमी आदी डोळं मिटून ऐकायचा. गेल्या साली बगितलं, घंटी हलवताय आन डोळं माज्या तोंडावर. माजं तोंड जसं हुईल तसं तुमी उजवीकडं का डावीकडं ठिवायचा. म्या बी मग तोंड खरं ठिवलं. हिणकस असली की कपाळाला आठी. एक बी खोटी घंटी उजवीकडं गेली न्हाय, म्हस्कूराव. खुदाची आन."

म्हस्कू खाली बसला. हे त्याला ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतंही. दर घंटीला रसूलकडे पाहायचं ही आपली सवय कधी लागली, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"मग बाजारात का न्हाय बोललास? येक सबूद बोलायचा. ह्या म्हाताऱ्याचं कान गेलं म्हनायचं. समदं तितंच मिटलं असतं."

दारातून मेहबूबबी आत आली. हात अजून राखेचे. "म्या बी त्येच इचारलं ह्यास्नी. चार दिस झालं इचारतीया. पोटावर पाय आला तरी तोंड उगडंना बाबा."

रसूलने बायकोकडे पाहिलं नाही. "माज्याकडं दोर हायत, कात्र्या हायत. न्हाय तर वॉचमन. तुमच्याकडं कानाबिगर दुसरं काय हाय, म्हस्कूराव? चारशे मान्सांत त्ये कसं काडून घ्यायचं?"

मेहबूबबीने रागाने नाक ओढलं आणि चहाचं भांडं चुलीवर आदळलं. आदळलेलं त्याने पाहिलं, ऐकलं नाही.

"बाजारापतुर जाऊ नगं," उठताना तो म्हणाला. "येक बाजार थांब."

पुढच्या बाजाराला रसूलने बांबू रोवला आणि परत आलेल्या सगळ्या घंट्या टांगल्या. म्हस्कू त्याच्या पोत्यावर येऊन बसला. राम टेम्पोची खेप दुसऱ्याला देऊन बरोबर आला होता. माणसं जमायला वेळ लागला नाही, तमाशा पुन्हा होणार हे सगळ्यांना वासाने कळतं. कुंडलिकही आला.

म्हस्कू उभा राहिला. "घंट्या चांगल्या हायत," तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो ओरडूनच बोलला. "रसूलचं काय चुकलं न्हाय. माजं कान गेलंत. मला ऐकू येत न्हाय."

गर्दी हसली. हसणं त्याला दिसलं. कुंडलिक पुढे येऊन तोंडाजवळ ओरडला, "काय दिलं वं आबा रसूलनं? गाभनी मेंढी दिली का?"

"काय बी न्हाय दिलं. माज्या मागं जाऊन वाजवा. बगा मला कळतंय का."

कुणीतरी मागे जाऊन वाजवली असावी. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तो तसाच उभा राहिला.

"बहिऱ्याचं सोंग कुनाला बी येतं," कुंडलिक म्हणाला. रामने ते बापाच्या कानात सांगितलं. सांगताना पोराचा चेहरा लाल झाला होता.

म्हस्कूने पागोटं काढलं. हे बोलायचं नव्हतं. रसूलशी बोलणं झाल्यापासून तो हेच टाळायची वाट शोधत होता. धनगर उघडा होऊन नाचेल पण हे चारचौघांत बोलणार नाही.

"लांडगा आला तवा म्या वीस पावलावर बसलो हुतो," तो म्हणाला. "जागा हुतो. झोपलो न्हवतो. मेंढी वरडत हुती, घंटी वाजत हुती. माजी सून वड्यापलीकडनं आली. म्या वीस पावलावरनं उठलो न्हाय. तिचं पोट फाडून ठिवलं तवर म्या बसून ऱ्हायलो."

या वेळी हसू आलं नाही. मेंढक्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हातारा मेंढका खाली बघू लागला. कान गेल्याचं सोंग कुणीही करेल, पण जागेपणी वीस पावलांवर मेंढी घालवल्याचा दोष पैशासाठी कुणी अंगावर घेणार नव्हतं. घेतलं तर त्याच्या पोरांना पुढे सोयरीक मिळणार नव्हती.

कुंडलिक पुढे सरकला. मग त्याने बांबूवरची एक घंटी काढली, स्वतःच्या कानाशी धरून हलवली. दुसरी काढली. तिसरी त्याने ठेवून घेतली. त्याच्या मागून दुसरा आला, मग आणखी दोघं. रसूलचे हात चालू झाले. म्हस्कूला कुणी काही विचारलं नाही. ते त्याच्या खांद्यावरून हात घालून घंट्या काढत होते आणि आपापल्या कानाशी नेत होते.

तो पोत्याच्या कडेला सरकून बसला.

थोड्या वेळाने कुंडलिक आणि राम त्याच्यासमोर उभे राहून बोलू लागले. आवाज खाली घ्यायची गरज आता कुणाला नव्हती. कुंडलिकने एकदा म्हस्कूकडे अंगठा केला, एकदा माळाच्या दिशेने हात केला. रामने मान खाली घातली, काहीतरी सांगितलं. कुंडलिकने तीनदा दहाही बोटं वर केली, तीस. गोठ्यात उरलेली मेंढरंही तीसच. राम पुन्हा बोलला. दोघांनी एकदम म्हस्कूकडे पाहिलं आणि परत बोलायला लागले.

म्हस्कूने रसूलच्या बाहीला धरलं. "काय म्हनतोय त्यो?"

रसूलने तिकडे पाहिलं. थोडं ऐकलं. मग वाकून, सावकाश, शब्द सुटे करत तो म्हणाला, "घंटीचा आवाज चांगला हाय म्हणतोय."

म्हस्कूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळाला आठी होती.

"बरं," तो म्हणाला, आणि गुंतलेल्या घंट्यांच्या दोऱ्या सोडवायला बसला.